उपनिधी, अनामत आणि आपली माहिती

मोबाईलवर एखादी नवी सोय सुरू करावयाची म्हटली की प्रथम पानेच्या पाने मजकूर समोर येतो आणि त्याच्या शेवटी 'मान्य आहे' असे बटण असते. तो मजकूर सहसा कोणी वाचत नाही. आणि वाचला तरी त्यातले एखादे कलम अमान्य करण्याची मुभा नसते. नाकारायचे तर सगळेच नाकारावे लागते. पुढे काही दिवसांनी अनोळखी क्रमांकांवरून कर्ज, विमा आणि भूखंड विकणाऱ्यांचे फोन येऊ लागतात, आणि आपला क्रमांक त्यांना कोणी दिला हे कधीच कळत नाही. हे फोन थांबावेत म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली 'डू नॉट कॉल' नोंदवही सुरू केली, २०१० साली नवे नियम केले आणि २०१८ साली तेही बदलले. अकरा वर्षांत तीनदा औषध बदलावे लागते तेव्हा निदान तपासून पाहणे भाग असते. ते तपासताना तंत्रज्ञानाच्या इतिहासापेक्षा ठेवीचा इतिहास अधिक उपयोगी पडेल, असे वाटते.

या विषयावर बोलताना आपण 'खासगीपणा' हा शब्द वापरतो. मराठी संस्थानांच्या कारभारात 'खासगी' म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. होळकरांच्या राज्यात 'खासगी' आणि 'दौलत' या दोन वेगळ्या बाजू मानल्या जात. म्हणजे खासगी असे काही बाळगणे हा मुळात राजाचा मान. तो सामान्य माणसाचा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी दिला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. शब्दाचा हा प्रवास मोठा खराच. परंतु एका ठिकाणी ही कल्पना अपुरी पडते. खासगी ते, जे आपण दुसऱ्याच्या हाती देत नाही. आपला पत्ता, आजार, पगार, खरेदी ही माहिती तर आपण होऊनच दुसऱ्याला देतो, कारण दिल्यावाचून व्यवहार चालत नाही. दुसऱ्याच्या हाती दिलेली आणि तरीही आपलीच राहिलेली, अशा वस्तूसाठी वेगळा शब्द हवा. तो आपल्याकडे फार जुना आहे: ठेव.

धर्मशास्त्राने वादांचे जे अठरा विषय सांगितले, त्यांत ऋणादानाच्या लगतच 'निक्षेप' येतो. याज्ञवल्क्यस्मृतीत याच प्रकरणात 'उपनिधी' ही एक सूक्ष्म कल्पना आहे. आत काय आहे हे न सांगता, बंद पात्रात घालून दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशी दिली तशीच परत करावयाची. राजाने हिरावली, दैवाने नष्ट झाली किंवा चोरांनी नेली, तर सांभाळणारा दोषी नाही. पण त्याने स्वतःच्या मर्जीने ती वापरून आपला लाभ करून घेतला, तर त्याला दंड होई आणि वस्तू वाढीसह परत करावी लागे. चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेतून हा विचार पुढच्या निबंधकारांपर्यंत पोहोचला. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात व्यवहाराचे हे सारे विवेचन वाचावयास मिळते. त्या स्मृतींतील वर्णभेद आणि विषमता कोणी नजरेआड करू नये. परंतु सांभाळण्याचा अधिकार म्हणजे वापरण्याचा अधिकार नव्हे, हे तत्त्व तेथे स्वच्छ मांडलेले आहे.

फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या 'अनामत' या शब्दातही तोच अर्थ आहे. 'अमानत' म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. बाजारपेठेच्या गावांत हा विश्वास कसा चालतो ते आपण जाणतो. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी, दोहोंची मिळून एक नगरपरिषद. अशा जोडगावातल्या किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत कितीतरी घरांची गुपिते असतात. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा पगार थकला, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला वहीवरूनच समजते. पण गिऱ्हाईकही दुकानदाराला ओळखत असते. त्याने घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली तर दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दुकानात जाता येते. माहिती दोन्ही बाजूंनी असते, म्हणून विश्वासाला लगाम राहतो.

ठेव कंपनीच्या हाती गेली तेव्हा हा लगाम सुटला. बँकेत पैसे ठेवणाऱ्याला किंवा विम्याचा हप्ता भरणाऱ्याला कंपनीच्या तिजोरीत डोकावता येत नाही. हा नवा प्रश्न ज्यांच्यासमोर उभा राहिला त्यांत रोह्याशी घराण्याचे नाते असलेले एक नाव ठळक आहे: चिंतामणराव देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावी. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले; पुढे अर्थमंत्री, आणि पहिल्या लोकसभेत कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, खासदार. त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १९४९ साली, बँकिंग कंपन्यांचा कायदा आला. परवान्याशिवाय बँक चालवावयाची नाही आणि रिझर्व्ह बँकेने तिची तपासणी करावयाची, हा त्याचा गाभा. १९५६चा कंपनी कायदा संसदेत त्यांनीच तडीस नेला. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोझ गांधी यांनी विमा कंपन्यांतील गैरव्यवहार लोकसभेत मांडले, आणि १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून २४५ आयुर्विमा संस्थांचा कारभार सरकारने हाती घेतला. राष्ट्रीयीकरणाबद्दल मतभेद असू शकतील. पण विमेदाराचा पैसा हा मालकाचे भांडवल नव्हे, ही त्यामागची भूमिका निःसंदिग्ध होती.

तरीही ठेवीदार सुरक्षित झाला नाही. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली; त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, आणि त्याची मर्यादा होती १५०० रुपये. २०१९ साली मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, ठेवीदार रस्त्यावर आले, आणि २०२० साली ही मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. ठेवीच्या कायद्यातील जवळजवळ प्रत्येक ओळ अशी कोणाच्या तरी बुडालेल्या पैशाने लिहिली गेली आहे.

वस्तू विकत घेणाऱ्याचा लढा महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने गेला. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि घरांचे गट करून एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. या चळवळीचे सामर्थ्य एका साध्या गोष्टीत होते: पैसे आपण देतो, तेव्हा जाबही आपण विचारणार. आजच्या कंपन्यांनी नेमका हाच आधार काढून घेतला. सेवा फुकट. कायद्याच्या लेखी ग्राहक तो, जो मोबदला देतो; मग काहीच न देणाऱ्याने तक्रार कशी करावी? वास्तविक मोबदला दिलेला असतोच. तो माहितीच्या रूपाने दिलेला असल्यामुळे पावतीवर दिसत नाही.

व्हॉट्सॲपचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०१६ पासून त्यावरील संदेश कुलूपबंद झाले. पाठवणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाही, कंपनीलासुद्धा, ते वाचता येत नाहीत, असे कंपनी सांगते. हा उपनिधीच म्हणावयाचा! परंतु पात्र बंद असले तरी ते कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळा दिले, ही बाहेरची नोंद सांभाळणाऱ्याकडे राहतेच, आणि आजच्या बाजारात तिलाच मोल आहे. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने नव्या अटी मान्य करण्यास फर्मावले. २०१६ साली अशीच माहिती फेसबुकला देण्यास नकार देण्याची निदान तीस दिवसांची सवलत होती. या वेळी तीही नव्हती. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरील पाच वर्षांची बंदी मात्र रद्द केली. असा दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्यांची माहिती होती त्यांना त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८च्या अहवालात माहिती बाळगणाऱ्या कंपनीला 'विश्वस्त' म्हटले, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तो शब्द उचलला. शब्द अचूक आहे. म्हणूनच त्याला जुन्या ठेवीच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. विश्वस्ताने माहिती नीट न राखल्यास अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण तोही सरकारजमा होणार. नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई देवविणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. याज्ञवल्क्याने दंड आणि वाढीसह परतफेड या दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. आपण पहिली घेतली, दुसरी सोडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, पण कायद्याच्या मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

आणि सर्वांत मोठा ठेवदार कोण, हा प्रश्न उरतोच. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा सरकारकडे सोपवणारे ते आदिवासी ग्रामस्थ कोणत्या अटी वाचू शकले असतील? खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केली. परंतु २०२३च्या कायद्याने सरकारी यंत्रणांना सूट देण्याचे अधिकार सरकारकडेच ठेवले आहेत.

ग्राहकाचा आजचा वैताग हा यंत्रे न कळणाऱ्या माणसाची कुरकुर समजू नये. ज्याने ठेव दिली, पण जिला ठेव म्हणून पावती मिळाली नाही, अशा माणसाची ती फिर्याद आहे. १९४९ साली बँकांना लावलेले तीन नियम, म्हणजे परवाना, तपासणी आणि खातेदाराचे येणे खातेदारालाच देणे, हे माहितीला का लागू नयेत, एवढाच तिचा सवाल आहे. पैशाच्या बाबतीत ते उत्तर मिळण्यासाठी एक पलाई बँक बुडावी लागली होती. माहिती एकदा बाहेर गेली की ती पाच लाखांच्या विम्याने परत येत नाही. तेव्हा येथे तशी वाट पाहणे परवडणारे नाही.