दृष्टान्त : तत्त्वज्ञान व काव्य यांचे सामाईक अंगण

मनुष्याच्या अनुभवाला शब्दांत धरून ठेवण्याचे दोन मार्ग फार पुरातन आहेत. एक तत्त्वज्ञानाचा व दुसरा काव्याचा. पहिला विशेषाकडून सामान्याकडे जातो, तर दुसरा सामान्याला विशेषाचे रूप देतो. या दोघांत वैर आहे असे पाश्चात्त्य विद्येच्या आरंभीच सांगितले गेले. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' या संवादाच्या शेवटच्या भागात कवींना आदर्श नगराबाहेर ठेवले आणि हा कलह जुनाच असल्याचे नमूद केले. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल याने मात्र काव्य हे इतिहासापेक्षा अधिक तात्त्विक असल्याचा निर्वाळा दिला. कारण इतिहास घडलेले सांगतो, तर काव्य घडू शकेल असे जे सर्वसामान्य, ते सांगते. गंमत अशी की, कवींना हद्दपार करणाऱ्या प्लेटोलाही ज्ञान व अज्ञान यांचे अंतर समजावून देताना अंधाऱ्या गुहेत साखळदंडांनी जखडलेल्या बंदिवानांचा दृष्टान्तच योजावा लागला.

हा 'दृष्टान्त' शब्द आपल्या परंपरेत कोठे कोठे आढळतो हे पाहणे उद्बोधक आहे. साहित्यशास्त्रात तो एका अर्थालंकाराचे नाव आहे, हे मराठी पाचवी-सातवीचा विद्यार्थीही जाणतो. परंतु तोच शब्द न्यायशास्त्रात सोळा पदार्थांपैकी एक म्हणून गणलेला आहे, याचे स्मरण आम्हां शिक्षकांनाही क्वचितच असते. नैयायिकांच्या पंचावयव वाक्यात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन अशी पाच अंगे असतात. त्यांतील उदाहरण दृष्टान्तावर उभे असते. धूर दिसतो म्हणून पर्वतावर अग्नी आहे, एवढे म्हणून नैयायिकाचे समाधान होत नाही. स्वयंपाकघर दाखविल्यावाचून अनुमान पुरे होत नाही. न्यायसूत्रांत दृष्टान्ताची जी व्याख्या आहे तिचा आशय असा की, ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस व परीक्षक पंडित यांची बुद्धी सारखीच असते, ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त. पंडित व अपंडित ज्या एका भूमीवर बरोबरीने उभे राहतात, ती ही भूमी होय.

मराठी वाङ्मयाच्या पहिल्या शतकाचा इतिहास या व्याख्येच्या प्रकाशात वाचला, तर त्याचा एक निराळाच अर्थ लागतो असे आम्हांस वाटते.

महानुभाव पंथाचा 'दृष्टान्तपाठ' हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्रंथ. केसोबासांनी त्यात श्रीचक्रधरांचे ११४ दृष्टान्त संकलित केले. प्रत्येकाची रचना त्रिपदरी आहे : आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांचाच दृष्टान्त आणि शेवटी दोहोंचा मेळ घालणारे केसोबासांचे दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची कथा त्यातीलच. कोणाच्या हाती पाय येतो, कोणाच्या कान, कोणाच्या शेपूट. आणि जो तो आपल्या हाताला लागले तेवढ्यालाच हत्ती समजतो. सूत्राने सिद्धान्त सांगितला, कथेने तो डोळ्यांपुढे उभा केला आणि दार्ष्टान्तिकाने कथेला भलत्या वाटेने जाऊ दिले नाही. यात तत्त्वज्ञान कोठे संपले व काव्य कोठे सुरू झाले, हे विचारणेच व्यर्थ आहे.

ही रचना कोणासाठी होती, हेही इतिहासाने जतन केले आहे. केसोबास संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते व संस्कृतात ग्रंथरचना करावी असा त्यांचा मानस होता. परंतु नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले. त्याने पंथातील आपल्या म्हाताऱ्या नागविल्या जातील, असे कारण त्यांनी दिल्याचे 'स्मृतिस्थळा'त सांगितले आहे. या एका उत्तरात मराठी विचारवाङ्मयाच्या घडणीचे मर्म आम्हांला दिसते. जिला व्याकरण ठाऊक नाही, तर्काची परिभाषा ठाऊक नाही, त्या वृद्धेपाशी स्वतःच्या जगण्याचा अनुभव तेवढा होता. तिच्याशी परमार्थाची गोष्ट बोलावयाची तर त्याच अनुभवाला साक्षीला बोलावणे प्राप्त होते.

याच शतकाच्या शेवटी, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका सिद्ध केली. तिच्यातील दृष्टान्त हे केवळ भूषण आहेत काय, हे एका उदाहरणावरून तपासून पाहता येईल. पहिल्या अध्यायात गीता अर्जुन करुणेने व्याप्त झाल्याचे व त्याची गात्रे गळाल्याचे सांगते. परंतु मोठमोठ्या वीरांना जिंकणारा हा योद्धा स्नेहापुढे हतबल का व्हावा, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच. ज्ञानदेव तेथे भुंग्याला आणतात. वाळलेले कठीण लाकूडही सहज कोरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो. प्राण गेला तरी पाकळी चिरणे त्याला सुचत नाही. स्नेह कोवळा असूनच बांधतो, ही गोष्ट येथे केवळ सांगितली जात नाही, सिद्ध केली जाते. कोमलता ही बळाच्या अभावाहून निराळी असते, हा भेद कोणत्याही व्याख्येने इतक्या नेमकेपणाने झाला नसता. म्हणून हा दृष्टान्त काढून टाकला तर सौंदर्याची हानी होईल ती होईलच, पण विचारातही एक पायरी कमी पडेल.

त्याच अध्यायात श्रोत्याने ग्रंथ कसा ऐकावा हे सांगताना, चकोराची पिले शरदाच्या चांदण्यातील कोवळे कण जशा हळुवारपणे वेचतात तशी ही कथा अनुभवावी आणि शब्दांच्याही आधी प्रमेयाला जाऊन भिडावे, अशा आशयाच्या ओव्या आहेत. 'प्रमेय' हा शब्द न्यायशास्त्रातील. तो चकोराच्या पिलांशेजारी बसला तरी कोणालाही परका वाटत नाही, ही त्या शतकाची कमाई आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, ज्ञानेश्वरी ही टीका आहे व तिला मूळ ग्रंथाचा आधार आहे. स्वतंत्र तत्त्वविचार करताना काव्याचा उपयोग काय? याचे उत्तर 'अमृतानुभवा'त आहे. निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी हा स्वतंत्र ग्रंथ रचला अशी परंपरा सांगते. त्याची दहा प्रकरणे असून शब्दखंडन, अज्ञानखंडन, ज्ञानखंडन ही प्रकरणांची नावेच त्याचा तर्ककठोर बाणा दाखवितात. तिसऱ्या प्रकरणात ज्ञानसुद्धा बंधनच होय या मताला शिवसूत्राचा व श्रीकृष्णाच्या वचनाचा आधार देऊन झाल्यावर ज्ञानदेव सांगतात की, शिवाने वा विष्णूने म्हटले म्हणूनच आम्ही हे मानतो असे नव्हे. त्यांनी म्हटले नसते तरीही मानले असते. शब्दप्रामाण्याच्या काळात स्वानुभवाला एवढे मोठे स्थान देणारा हा तत्त्वज्ञ आहे. आणि हाच तत्त्वज्ञ पहिल्या प्रकरणात शिवशक्तीचे अद्वैत प्रतिपादताना दोन ओठांतून उमटणारे एकच बोलणे, दोन डोळ्यांची एकच दृष्टी व दोन दिव्यांचा एकच प्रकाश यांना पुढे करतो. अद्वैत नावाची दूरची वस्तू माणसाच्या स्वतःच्या चेहऱ्यावरच दाखविली जाते.

सहाव्या प्रकरणात तर त्यांनी शब्दाचाच न्याय केला आहे. प्रथम शब्दाचा गौरव येतो : तो विसरलेल्याचे स्मरण देतो, अमूर्ताला दाखविणारा तो आरसा आहे. पण लगेच त्याची मर्यादाही येते. आत्मा स्वतःला विसरलेलाच नाही. त्याला शब्दाने कशाची आठवण द्यावी? आणि जी अविद्या मुळात नाहीच तिचा नाश शब्दाने कसा करावा? कवीची प्रतिमा आणि तत्त्वज्ञाचा युक्तिवाद ही दोन्ही शब्दाचीच अपत्ये असल्याने ही मर्यादा दोघांनाही सारखीच लागू आहे. अनुभव पूर्णपणे पकडल्याचा दावा ज्ञानदेव कोठेच करीत नाहीत. तर्काने अनुभव कोठे नाही ते दाखवावे, दृष्टान्ताने तो कोठे शोधावा ते दाखवावे, आणि मग दोघांनी बाजूला व्हावे, असा या ग्रंथाचा विवेक आहे.

पुढे हे अंगण विभागले गेले. सतराव्या शतकातील वामन पंडितांची 'यथार्थदीपिका' विस्ताराने ज्ञानेश्वरीच्या दुपटीहून मोठी व नावाप्रमाणे यथार्थाचा आग्रह धरणारी. पण लोकांच्या ओठी ती ज्ञानेश्वरीसारखी रुळली नाही. विसाव्या शतकात मराठी तत्त्वविचाराला स्वतःचे समर्थ गद्य लाभले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' हा त्याचा उत्तुंग नमुना. दुसरीकडे केशवसुतांपासून कवितेने आत्मनिष्ठेचा स्वतंत्र मार्ग धरला. ही वाटणी अनिष्ट होती असे आमचे म्हणणे नाही. गद्याशिवाय चर्चा वाढत नाही आणि कवीला स्वातंत्र्य हवेच. परंतु विद्यापीठांत दर्शन एका विभागाकडे व काव्य दुसऱ्याकडे गेले, त्याचे पडसाद शाळेपर्यंत येऊन पोहोचले.

आज आमच्या वर्गांत भुंग्याच्या ओवीखाली 'अलंकार ओळखा' एवढाच प्रश्न येतो. विद्यार्थी अलंकाराचे नाव लिहितो, गुण मिळवितो आणि कळीत अडकलेला भुंगा तेथेच राहतो. महाराष्ट्राबाहेरील आम्हां शिक्षकांना ही गोष्ट अधिक जाचक आहे. इंदूर-ग्वाल्हेरचा मुलगा रस्त्यावर हिंदी बोलतो, बडोद्याचा गुजराती, बेळगावचा कन्नड. मराठी त्याच्यासाठी बहुधा स्वयंपाकघराची व आजीची भाषा उरली आहे. या मुलापुढे सातशे वर्षांपूर्वीची ओवी केवळ अलंकारांची यादी म्हणून ठेवली, तर तो ती परीक्षेनंतर टाकून देईल आणि त्याला दोष देता येणार नाही. पण त्याला असे विचारावे : बळकट माणूस कोवळ्या गोष्टीपुढे हरलेला तू कधी पाहिला आहेस काय? मग तो घरातले काहीतरी सांगू लागेल, आणि ते बहुधा मराठीतच सांगेल. नागदेवाचार्यांनी ज्या म्हाताऱ्यांची काळजी वाहिली त्यांची जागा आज या मुलांनी घेतली आहे. त्यांच्याजवळही परिभाषा नाही. अनुभव मात्र आहे. प्रश्नपत्रिकेत अलंकाराच्या नावापुढे आणखी एक ओळ घालावी आणि या दृष्टान्ताने काय सिद्ध झाले ते विचारावे, एवढीच आमची समानधर्मी शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे.