बॉनचा अर्ज आणि जर्मन भाषेतला ‘पारिया’

‘जर्मनीतल्या विद्यापीठांत संस्कृत शिकवतात, आणि आपण मात्र विसरलो’ असा मेसेज दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. पाठवणाऱ्याची छाती अभिमानाने फुगलेली असते. मित्रहो, हा मेसेज आला की आम्हाला एक वेगळाच कागद आठवतो. फेब्रुवारी 1921 मध्ये लंडनमध्ये शिकणाऱ्या एका तरुणाने बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून बर्लिनच्या शिक्षण खात्याला अर्ज लिहिला. स्वतःच्या हाताने आणि जर्मन भाषेत. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. एप्रिलमध्ये बॉनच्या पटावर त्यांचे नाव लागले. ते तासांना हजर राहिले नाहीत, म्हणून जानेवारी 1922 मध्ये कमीही झाले. लंडनचा अभ्यास आणि बॅरिस्टरीची तयारी एकाच वेळी चालू होती, पैशांची ओढाताण होती. बॉनची पदवी राहून गेली.

पदवी राहिली, म्हणून आपल्याकडे हा प्रसंग चरित्राच्या एका ओळीत उरकतात. आम्हाला तो मोठा वाटतो. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. हे आपल्याला पाठ आहे. पण ज्या बॉनमध्ये त्यांनी नाव घातले, तिथे 1818 साली आउगुस्ट विल्हेल्म श्लेगल यांची नेमणूक झाली आणि जर्मनीतले संस्कृत अध्यापनाचे पहिले अध्यासन उभे राहिले. 1823 साली श्लेगलने तिथून भगवद्गीता देवनागरीत छापली, सोबत लॅटिन भाषांतर. बाबासाहेबांच्या वेळी तिथे हेर्मान याकोबी होते. जी भाषा मुंबईच्या शाळेत अस्पृश्य पोराच्या कानावर पडू द्यायची नव्हती, तिचे वर्ग ऱ्हाइनकाठी भरत होते आणि दारात कुणी जात विचारत नव्हते. मेसेज पाठवणाऱ्यांनी अभिमान नेमका कशाचा धरायचा, ते त्यांनीच ठरवावे.

जर्मनीतले सगळे पंडित आपले मित्र होते असा याचा अर्थ नाही. इथे सावध राहायला हवे. त्यांनी ज्या भारतावर प्रेम केले तो पोथीतला भारत होता. 1791 साली गेओर्ग फोर्स्टरने विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये आणले आणि गटेसारखा महाकवी भारावून गेला. पुढे गेओर्ग ब्यूलर 1863 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला आले. 1886 साली त्यांचे मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर निघाले, ते आजही जगभर वापरले जाते. कालिदासही गेला आणि मनूही गेला. गावकुसाबाहेरचा माणूस मात्र त्या पेटाऱ्यात नव्हता.

तो दुसऱ्याच वाटेने जर्मनमध्ये पोहोचला, आणि आमच्या मते जर्मन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी खरी खाण तिथेच आहे. तमिळ मुलखातल्या पराई वाजवणाऱ्या परैयर जातीच्या नावावरून युरोपी भाषांत ‘पारिया’ हा शब्द गेला. 1823 साली बर्लिनच्या रंगभूमीवर मिखाएल बेअर या ज्यू लेखकाचे ‘डेअर पारिया’ हे नाटक आले. नायक गाधी अस्पृश्य. त्या काळात जर्मनीतल्या ज्यूंना बरोबरीचे हक्क नव्हते, त्यामुळे नाटकातला अस्पृश्य म्हणजे आपणच हे पाहणाऱ्या ज्यूंना सांगावे लागले नसणार. त्याच सुमारास गटेने ‘पारिया’ नावाच्या तीन कविता पुऱ्या केल्या. त्यांतली कथा एका फ्रेंच प्रवाशाच्या वर्णनातून घेतलेली आहे, पण ती वाचून आपल्याकडचा माणूस चमकतो. ब्राह्मणाची बायको, रिकाम्या हातांत पाण्याचा गोळा धरण्याची तिची शक्ती, मनाची क्षणभर चलबिचल, नवऱ्याने केलेला वध, आणि मुलाच्या हातून चुकून अस्पृश्य स्त्रीच्या धडावर बसलेले तिचे मुंडके. ही तर आपली रेणुका आणि मातंगी! सौंदत्तीच्या डोंगरावर गाणाऱ्या जोगतिणीची गोष्ट वायमारच्या महाकवीने कवितेत बांधली, आणि आपल्याकडे ती यल्लम्माच्या नावाने मुली सोडायला वापरली गेली.

पुढे हा शब्द समाजशास्त्रात शिरला. माक्स वेबरने ज्यूंना ‘पारिया लोक’ म्हटले. हिंदू धर्म आणि बौद्ध धर्मावरचे त्याचे लेखन 1916-17 मध्ये नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच 1916 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. वेबर भारतात कधी आला नाही, तो शिरगणतीचे अहवाल आणि भाषांतरे वाचून लिहीत होता. बाबासाहेबांनीही ग्रंथ वाचलेच, पण मसूरच्या स्टेशनावर गाडीवाल्याने गाडीत घ्यायला नकार दिला तो त्यांना. जगभरच्या वर्गांत आजही वेबर आधी शिकवतात.

नीत्शेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. 1888 साली त्याच्या हाती मनुस्मृतीचे एक फ्रेंच भाषांतर पडले. लुई जाकोल्यो या गृहस्थाचे, आणि अत्यंत बेभरवशाचे. त्यावरून नीत्शेने चांडाळांवरच्या बंधनांचे वर्णन केले आणि मनूची तारीफ केली. बायबलपेक्षा मनू त्याला उंच वाटला. बाबासाहेबांनी ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ मध्ये हा धागा बरोबर पकडला. जरथुस्त्र म्हणजे मनूचेच नवे नाव, असे त्यांनी दाखवले आणि वर एक फरकही नोंदवला. नीत्शेचा महामानव निदान गुणांवर ठरतो, मनूचा जन्मावर. म्हणजे नीत्शे पुढे मनूपेक्षा सौम्य ठरला! कोलंबियात बाबासाहेबांनी घेतलेल्या विषयांच्या यादीत अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या ढिगाऱ्यात जर्मनचा एक प्राथमिक वर्गही दिसतो. तो सहज घेतलेला नव्हता, असे आम्ही मानतो.

आता आजचे बोलू. आमच्या अभ्यासगटातली एक मुलगी विद्यापीठात जर्मन घेऊन एमए करते आहे. आई घरकाम करते. घरात पहिला प्रश्न आला, ‘याने नोकरी लागेल का?’ प्रश्न चुकीचा नाही. भाषांतर, कंपन्या, शिकवण्या यांत कामे आहेत, आणि जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चापोटी 11,904 युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. मोलकरणीच्या मुलीने ते आणायचे कुठून? म्हणून शिष्यवृत्ती. आणि इथेच गाठ पडते ती 2022 च्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांशी. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास, हे विषय त्या नियमांनी वगळले. अनुसूचित जातीच्या मुलाने सरकारी पैशावर परदेशात जाऊन यंत्र शिकावे, औषध शिकावे. जातीवर संशोधन करू नये. कारण म्हणे ते इथेच करता येते. बाबासाहेबांना संस्कृत इथे करता आले होते का?

या मुलीला बेअरच्या नाटकावर आणि गटेच्या कवितांवर पीएचडी करायची आहे. विषय जर्मन साहित्याचा, नायक आपला. हे जर्मन धरायचे की ‘भारताविषयीचा अभ्यास’ म्हणून फेटाळायचे, हे कुणीतरी अधिकारी ठरवणार. अर्जात शीर्षक कसे लिहावे यावर परवा आम्ही दोन तास घातले. ‘अस्पृश्य’ हा शब्द गाळावा, असे एकाने सुचवले. तिने नकार दिला.