हिमनिवारण, ग्रामीण (क्वेबेक)
कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात पूर्वी रस्त्यांवरील हिम काढीत नसत. घोड्यांनी ओढलेल्या रुळांनी ते दाबून त्यावरून घसरगाड्या चालवीत. मोटारींना मात्र मोकळा रस्ता लागे; त्यामुळे हिवाळ्यात खेड्यांचे दळणवळण खुंटे. १९३४ मध्ये व्हालकूर येथील यंत्रज्ञ जोझेफ-आर्मां बाँबार्द्ये यांचा लहान मुलगा रुग्णालयात नेता न आल्याने दगावला. १९४८ च्या सुमारास प्रांतशासनाने ग्रामीण रस्तेही हिममुक्त करण्यास आरंभ केला. तथापि रस्त्यापासून घरापर्यंतची वाट शेतकऱ्याकडेच राहिली. तीसाठी हिवाळ्यात शेतीकामातून मोकळा झालेला जुना ट्रॅक्टर वापरतात. त्याला पोलादी पाते जोडतात, मागील चाकांना साखळ्या बांधतात व वजन वाढविण्यासाठी टायरांत कॅल्शियम क्लोराइडाचा विद्राव भरतात. तो पाण्याप्रमाणे सहजी गोठत नाही. वाट मोकळी राहिली, तरच दुधाची गाडी व डॉक्टर दारापर्यंत पोहोचू शकतात.