अशोकाचे ‘नऊ अज्ञात पुरुष’ : ही गोष्ट आली कुठून?

अशोक जयंती जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकांनी नऊ विद्वानांचे एक गुप्त मंडळ नेमले, घातक ठरू शकेल असे सर्व ज्ञान नऊ ग्रंथांत विभागून एकेकाच्या ताब्यात दिले आणि हे मंडळ आजही पडद्याआडून काम करते, असा त्याचा आशय. एक पुरुष गेला की त्याच्या जागी दुसरा येतो. ग्रंथांचे विषयही दिलेले असतात : प्रचारतंत्र, शरीरशास्त्र, सूक्ष्मजीव, किमया, संदेशवहन, गुरुत्वाकर्षण, विश्वरचना, प्रकाश आणि समाजशास्त्र. अलीकडच्या मजकुरात जगदीशचंद्र बोस आणि विक्रम साराभाई यांनाही या मंडळाचे सदस्य करून टाकलेले आहे.

आपले कार्यकर्तेही हा मजकूर अभिमानाने पुढे पाठवतात. म्हणून त्याचा उगम एकदा नीट पाहिला पाहिजे.

गोष्टीचा जन्म

अशोकाच्या एकाही शिलालेखात अशा मंडळाचा उल्लेख नाही. दीपवंस, महावंस, अशोकावदान या अशोकाविषयीच्या जुन्या ग्रंथांतही तो नाही. चमत्कारांची या ग्रंथांत कमतरता नाही, तरीही नाही.

‘नऊ अज्ञात’ हे नाव गाजले ते टॅलबट मंडी या इंग्रज लेखकाच्या कादंबरीमुळे. ती 1923 साली ‘ॲडव्हेंचर’ या अमेरिकी नियतकालिकात क्रमशः छापली गेली. गूढ भारत, गुप्त मंडळी, गायब झालेले सोने असा तो साहसकथेचा मसाला. पुढे 1960 साली लुई पोवेल आणि जाक बेर्जिए या दोघांचे एक फ्रेंच पुस्तक आले. परग्रहवासी, किमयागार, नाझींची गूढविद्या असे सगळे त्यात एकत्र कालवले होते. नऊ पुरुषांची गोष्ट थेट अशोकापर्यंत नेऊन, खरी परंपरा म्हणून त्यांनी ती मांडली. हे पुस्तक युरोपात प्रचंड खपले. तिथून ती इंटरनेटवर आली आणि आता ‘प्राचीन भारताचे रहस्य’ म्हणून आपल्याच घरी परत आली आहे.

खरा अशोक काय करत होता?

खरा अशोक याच्या अगदी उलट वागत होता. जे सांगायचे ते त्याने दगडावर कोरले, तेही लोकांची वर्दळ असेल तिथे. भाषा निवडली ती लोकांची प्राकृत. लिपी बहुतेक ठिकाणी ब्राह्मी, वायव्येकडे खरोष्ठी, आणि कंदाहारला तर ग्रीक व ॲरेमाइक. धौली आणि जौगड येथील स्वतंत्र लेखांत स्पष्ट आदेश आहे की हा लेख दर तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा. मधल्या काळात एकच माणूस ऐकणारा असला तरी वाचून दाखवावा.

तेराव्या शिलालेखात तो कलिंगचा हिशेब स्वतः देतो : दीड लाख माणसे बंदी करून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट मेली. आपल्या हातून झालेल्या संहाराचा आकडा दगडावर कोरून ठेवणारा राजा जगात विरळाच. (हा तेरावा लेख खुद्द कलिंगमध्ये मात्र कोरलेला नाही. का, यावर अभ्यासक आजही बोलतात. रहस्यच हवे असेल तर हे घ्या.) सहाव्या लेखात तो म्हणतो की मी जेवत असो वा अंतःपुरात असो, प्रजेचे काम घेऊन येणाऱ्याने कधीही यावे.

महाराष्ट्रातल्या तरुणांना यासाठी लांब जायला नको. नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. तिथे आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 साली सापडला, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

गुप्त विद्येची कल्पना धम्मालाही मानवत नाही. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की मी धम्म शिकवताना आतला आणि बाहेरचा असा भेद केला नाही, आचार्याची बंद मूठ माझ्याकडे नाही. ज्ञान मूठभरांच्या ताब्यात ठेवायचे आणि बाकीच्यांना त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, ही व्यवस्था कोणाची होती हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

निरुपद्रवी गोष्ट आहे, मग बिघडले कुठे?

हाच साचा दुसरीकडे वापरला गेला तेव्हा काय झाले ते पाहा. 1 मे 1776 रोजी बव्हेरियात आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने ‘इल्युमिनाटी’ नावाचे मंडळ काढले. सरकारने दहा वर्षांच्या आतच त्यावर बंदी घातली. पण फ्रेंच राज्यक्रांती झाल्यावर ती याच मंडळाने घडवली असे सांगणारी पुस्तके 1797 पासून येऊ लागली. भुकेली, करांनी पिचलेली जनता स्वतःहून उठते, हे मान्य करण्यापेक्षा ते सोपे होते.

पुढची पायरी भयंकर होती. 1903 साली रशियात ज्यू पुढाऱ्यांच्या जगजिंकू कटाचे तथाकथित इतिवृत्त छापले गेले. ते 1864 सालच्या एका फ्रेंच राजकीय उपहासग्रंथातून उचललेले आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने 1921 साली ओळीला ओळ लावून दाखवले. त्या मूळ ग्रंथात ज्यूंचा विषयच नव्हता. तरीही नाझींनी ते वापरलेच.

कट कधीच नसतात असे नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 पासून 40 वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश मुद्दाम उपचाराविना ठेवून अभ्यास केला गेला. पण तो एका सरकारी खात्याने केला होता आणि 1972 साली पत्रकारांनी तो उघड केला.

आपल्यावरचा अन्याय तर बहुतेक वेळा लपवलेलाही नव्हता. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह तिथे पाणी प्यायले, तेव्हा सत्याग्रहींवर दिवसाढवळ्या हल्ला झाला. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले तेही जाहीरपणे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तोही रीतसर सभेत. बाबासाहेब पडद्यामागचे नऊ जण शोधत बसले नाहीत. ते ठराव आणि कागदपत्रे घेऊन दिवाणी न्यायालयात उभे राहिले, आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.