अक्षरांत उरलेली शहरे

चीनमधील ऐतिहासिक शहरे पाहून परतलेल्या आपल्याकडच्या प्रवाशांची एक ठरलेली तक्रार असते, की तेथे जुने असे फारसे काही पाहायलाच मिळत नाही. कैफंग, लोयांग आणि शीआन या तीन जुन्या राजधान्या आम्ही दोन कुटुंबांनी आणि काही स्नेह्यांनी मिळून पाहिल्या, तेव्हा ही तक्रार पहिल्याच दिवशी आमच्यातही उमटली. आमच्यातील एक मित्र व्यवसायाने वास्तुरचनाकार. प्रत्येक महाद्वारापाशी ते खांबावर टिचकी मारून पाहत आणि "सिमेंट!" एवढाच निर्णय देत. मुलांनी तर त्याचा खेळच केला.

तक्रार खोटी नव्हे, पण तिच्यामागील गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. अजिंठा-वेरूळच्या प्रदेशात वाढलेल्या आपल्या मनात इतिहास आणि दगड यांची जोडी पक्की बसलेली असते. चिनी राजधान्या मात्र उभ्या राहिल्या त्या मुख्यतः लाकडावर आणि ठोकून घट्ट केलेल्या मातीवर. तांग काळातील (इ. स. ६१८ ते ९०७) लाकडी इमारती आज साऱ्या चीनमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि त्याही राजधानीपासून दूर, शानशी प्रांताच्या डोंगराळ भागात. त्यांतील फोगुआंग मंदिराचा (८५७) शोध लिआंग सिचंग आणि लिन ह्वेयिन या वास्तुतज्ज्ञ दांपत्याने १९३७ मध्ये लावला. मग ही शहरे टिकली कशात? आमच्या मते पुस्तकांत. साहित्याच्या अभ्यासकांनी या शहरांकडे वळावे, याचे कारणही तेच.

कैफंगचेच पाहा. सोंग सम्राटांची ही राजधानी ११२७ मध्ये जुर्चेन आक्रमकांच्या हाती पडली. तेथून दक्षिणेत गेलेल्या मंग युआनलाओ याने उतारवयात, ११४७ मध्ये, आठवणींतून त्या शहराचे पुस्तक लिहिले. त्यात राजनीती थोडी. रस्ते, खानावळी, रात्रीचे बाजार, सणांच्या रूढी, बाहुल्यांचे खेळ हेच अधिक. गमावलेल्या गावातील खाद्यपदार्थांची इतकी निगुतीने केलेली यादी वाचताना निर्वासिताची भूक जाणवते. पुढे १६४२ मध्ये वेढ्याच्या धामधुमीत पीत नदीचे बांध फुटले आणि उरलेसुरले शहर गाळात गेले. पुरातत्त्वज्ञांना येथे एकाखाली एक अशी अनेक शहरे सापडली आहेत. १०४९ चा तथाकथित लोखंडी मनोरा (तो वस्तुतः झिलईदार विटांचा आहे) अजून उभा आहे. त्याचाही पायथा गाळात बुडालेला. नदीकाठच्या नगरजीवनाचे चांग त्सदुआनचे जे जगप्रसिद्ध पटचित्र आहे, त्यावरून उभारलेले उद्यान १९९८ मध्ये खुले झाले. तिकीट काढून चित्रात शिरण्याची ही सोय मुलांना फार आवडली. मित्रांनी टिचकीसुद्धा मारली नाही.

लोयांगची कथा सहा शतके आधीची, पण साचा तोच. उत्तर वेई वंशाच्या या राजधानीत हजाराहून अधिक विहार होते. त्यांतील योंगनिंग विहाराचा ५१६ मध्ये उभारलेला उत्तुंग लाकडी मनोरा ५३४ मध्ये जळाला. त्याच वर्षी राजधानी हलली आणि शहर ओस पडले. ५४७ मध्ये यांग श्युआनचर हा अधिकारी त्या भग्नावशेषांतून फिरला. पुढच्या पिढ्यांना या विहारांची वार्ताही राहणार नाही, या भयाने त्याने एकेका विहाराची नोंद केली. आज योंगनिंगच्या जागी उत्खननात सापडलेला पाया आहे, आणि त्या पायावर काय होते ते यांगच्या पुस्तकात आहे.

लोयांगला दगडही भेटतो, हे सांगितले पाहिजे. लुंगमन लेण्यांतील ६७५ मध्ये पूर्ण झालेल्या सतरा मीटर उंच वैरोचनासमोर आमचे मित्र बराच वेळ काही बोलले नाहीत. श्वेताश्व विहारात, जेथे परंपरेनुसार इ. स. ६८ च्या सुमारास काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे भारतीय भिक्षू आले, तेथे सांचीच्या धर्तीवरचे एक मंदिर आता भारताने बांधून दिले आहे. २०१० मध्ये त्याचे उद्घाटन केले ते राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी.

शीआनचा कोट पाहून मंडळी हरखली. जवळजवळ चौदा किलोमीटरचा हा तट; पण तो मिंग काळातला, चौदाव्या शतकातला. तांगांचे चांगआन चौऱ्याऐंशी चौरस किलोमीटर पसरलेले होते. आजच्या कोटात त्याचा साधारण सातवा हिस्सा मावेल. ९०४ मध्ये चू वन या सेनापतीने सम्राटाला लोयांगला नेले, राजवाडे उतरवले आणि त्यांचे लाकूड वेई नदीत सोडून खाली वाहून नेले. राजधानीच नदीतून निघून गेली!

मागे राहिला तो ह्युएनत्संगाचा विटांचा मनोरा. ६४५ मध्ये तो भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि ते सुरक्षित राहावेत म्हणून त्याने ६५२ मध्ये मनोरा बांधायला घेतला. विटा त्याने स्वतः वाहिल्याचे त्याच्या चरित्रात आहे. आजचे रूप नंतरच्या पुनर्बांधणीचे आहे. राजपरीक्षा उत्तीर्ण झालेले पदवीधर येथे आपली नावे लिहीत, हे ऐकून आम्हाला अजिंठा आठवला. १८१९ मध्ये तेथे शिरलेल्या जॉन स्मिथनेही दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव खरडून ठेवले आहे.

अजिंठा आठवण्याचे दुसरे कारण अधिक मोलाचे. याच ह्युएनत्संगाने महाराष्ट्राचे वर्णन केले आहे. हर्षाला न नमलेला पुलकेशी, उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी माणसे, आणि पूर्व सीमेवरच्या डोंगरातील तो विहार, जो अभ्यासक अजिंठाच मानतात. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम नालंदा शोधू लागले ते त्याच्याच वृत्तांताच्या आधारे. ज्यांची स्वतःची राजधानी नदीत वाहून गेली, त्यांच्या लेखनाने आमची हरवलेली स्थळे सापडली. लेणी आमच्याकडे होती. लिहिलेले त्यांच्याकडे होते.

तरीही मित्रांचा आक्षेप आम्ही निकालात काढत नाही. पुन्हा बांधणे ही चीनची जुनीच रीत आहे. पण तिचा हवाला देऊन उभे शहर पाडता येत नाही. जुने बीजिंग शाबूत ठेवून शासकीय केंद्र पश्चिमेला नव्याने वसवावे, असा प्रस्ताव याच लिआंग सिचंग यांनी १९५० मध्ये मांडला होता. तो फेटाळला गेला आणि पुढल्या काळात बहुतेक तट जमीनदोस्त झाला. मंगला बाजारातील खाद्यपदार्थ आठवले, कारण तो त्या गल्ल्यांत राहिला होता. नव्याने सजवलेल्या तांग-शैलीच्या रस्त्यांवर दिवे पुष्कळ आहेत, राहणारे कोणी नाही. त्यांच्या आठवणी कोण लिहिणार?

शीआनच्या मुस्लिम वस्तीत लोक अजून राहतात. तेथील मोठी मशीद चिनी धाटणीची, मिंगकालीन. शेवटच्या रात्री तिच्याजवळच्या खानावळीत जाडसर रोटी आणि रिकामा वाडगा समोर आला. रोटी आपणच बारीक कुस्करायची, मग त्यावर मटणाचा रस्सा घालून मिळतो. आमची मुले तुकडे मोजत बसली. वहिनींनी मात्र भाकरी कुस्करावी तशी ती झरझर कुस्करली आणि सगळ्यांच्या आधी वाडगा पुढे केला. शेजारच्या मेजावरचे आजोबा त्यांच्या हातांकडे पाहून मान डोलावत होते.