चापूचा अंबर होताना

पनवेलहून अलिबाग-रेवदंडामार्गे मुरूडला गेलो की आम्ही जंजिऱ्यावरच्या तोफा पाहतो आणि हा किल्ला मराठ्यांच्या हाती कधीच आला नाही, ही खंत घेऊन परततो. तेथे सत्ता गाजवणाऱ्या सिद्दींचे पूर्वज समुद्रापलीकडून का आले, हे विचारायचे मात्र राहून जाते. मराठी कागदपत्रांत त्या मुलखाला ‘हबसाण’ म्हटले आहे. ‘हबश’ म्हणजे इथिओपिया. आफ्रिकेतून दख्खनच्या दरबारांत आलेल्या अनेकांना गुलामांच्या बाजाराने आणले होते.

१५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू असाच विकला गेला. बगदादच्या एका धन्याने त्याचे नाव अंबर ठेवले. पुढे निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझखानाने, त्याला विकत घेतले. हाच मलिक अंबर. त्याने मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले, १६१०मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले. १६२४मध्ये भातवडीला शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. पण अंबर हे सुगंधी द्रव्याचे नाव आहे आणि १६८९मध्ये मुंबईवर चालून गेलेल्या जंजिऱ्याच्या याकूतखानाच्या नावातील ‘याकूत’ म्हणजे माणिक. मोलाच्या वस्तूचे नाव माणसाला मिळाले. सत्ता हाती आली, तरी ते नाव पुसले गेले नाही.

मुक्तीनेही जुने नाव परत दिले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमाराने गुलामांच्या नौकांतून सोडवलेली काही मुले नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. त्यांतलाच जेकब वेनराईट. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टनचे निधन झाल्यावर त्याचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांत तो होता. १८७४मध्ये लंडनच्या अंत्ययात्रेतही तो होता. इतिहास त्याला ओळखतो तो याच इंग्रजी नावाने.

हे सारे संपले असे म्हणवत नाही. उत्तर कन्नडच्या रानांत राहणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३मध्ये. आणि आपल्या बोलण्यात ‘हबशी’ हा शब्द आजही वर्णावरून हिणवण्यासाठीच येतो. ऐतिहासिक कादंबऱ्या शिकवताना सिद्दी हा केवळ शत्रू म्हणून आम्ही पुढे सरकतो. त्याचे शत्रुत्व खरेच होते. पण त्याच्या पूर्वजांचे मूळ नाव काय होते, एवढा एक प्रश्न वर्गात विचारला, तर शतकांची ती विक्री निदान नोंदली तरी जाईल.