ऑम्वेट, गेल

(२ ऑगस्ट १९४१–२५ ऑगस्ट २०२१). समाजशास्त्रज्ञ व चळवळीतील कार्यकर्त्या. जन्म अमेरिकेत मिनीॲपोलिस येथे. शिक्षण कार्लटन कॉलेज व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, पीएच.डी. १९७३. भारत पाटणकर यांच्याशी विवाह १९७६. भारतीय नागरिकत्व १९८३.

परदेशी विदुषी अशी त्यांची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. ती ओळख अपुरी आहे. वसाहतकाळातील ब्राह्मणेतर चळवळीवरील (१८७३–१९३०) त्यांच्या प्रबंधात जुन्या सातारा जिल्ह्याला मोठे स्थान आहे. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच मोडत. पुढे त्या ज्या घरात सून म्हणून आल्या, ते कासेगावचे (ता. वाळवा) इंदुमती व बाबूजी पाटणकरांचे घर ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातले. अभ्यासाचा मुलूख हाच राहण्याचा मुलूख झाला आणि फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा वारसा त्यांना अखेरपर्यंत चालू प्रश्न म्हणून दिसत राहिला. याच मुलखात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवरचे बळीराजा धरण मुक्ती संघर्ष चळवळीतून, लोकांच्या श्रमातून उभे राहिले. पैशासाठी नदीतलीच काही वाळू विकण्यात आली. पाणी सर्वांना समान, भूमिहीनांनाही, हे तत्त्व ठरले. जमीन नसलेल्याचा पाण्यावर हक्क कसा, या प्रश्नात जात आणि वर्ग दोन्ही एकदम समोर येतात. त्यांचे लेखन याच सांध्यावर उभे आहे.

चळवळीत उतरल्याने अभ्यासकाची तटस्थता गेली, असा आक्षेप घेतला जातो. पण चळवळीतल्या मित्रांच्या मताला मान डोलावणे त्यांना कधी जमले नाही. डाव्यांपैकी अनेकजण शेतकरी संघटनेला बड्या बागायतदारांची म्हणत असताना त्यांनी शेतमालाच्या रास्त भावाची मागणी उचलून धरली. नर्मदेवरील धरणांच्या प्रकरणी १९९९ मध्ये अरुंधती रॉय यांना अनावृत पत्र लिहून दुष्काळी भागाला धरणाचे पाणी हवेच असते, हे ठणकावले. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी-जतकडची कोरडी शिवारे ज्याच्या परिचयाची आहेत, त्याला ही भूमिका उपरी वाटणार नाही. धरणग्रस्तांच्या न्याय्य पुनर्वसनासाठीही त्यांची व पाटणकरांची संघटना, श्रमिक मुक्ती दल, लढतच होती. आर्थिक उदारीकरणाविषयीच्या त्यांच्या मतांवर मात्र मतभेद आहेत.

स्त्रीमुक्ती चळवळीवर पुस्तक ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’ (१९८०).

पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनाच्या प्राध्यापक. उत्तरायुष्य कासेगावात, तेथेच निधन. बौद्ध धर्मावर ग्रंथ. पाटणकरांसह तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर.